जीव वाचल्यानंतर : मेंदूची इजा, कुटुंब आणि ‘हेडवे’

मेंदूला होणाऱ्या इजांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात बाहेरून बसलेला मार येतो : रस्त्यावरचा अपघात, उंचावरून किंवा न्हाणीघरात पडणे, मारहाण, खेळताना लागलेला फटका. दुसऱ्या वर्गात कारण शरीराच्या आतच असते : मेंदूतील रक्तवाहिनी फुटणे किंवा तुंबणे, मेंदूज्वर, मेंदूतील गाठ, हृदय थांबल्यामुळे काही मिनिटे प्राणवायू न मिळणे. जन्मानंतर झालेल्या या सर्व इजांना मिळून अर्जित मेंदूइजा म्हणतात. कारण कोणतेही असो, रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या अडचणी पुष्कळशा सारख्या असतात आणि त्याच्या घरच्यांच्या अडचणी तर त्याहूनही सारख्या असतात. या समान अडचणी ओळखून त्यांच्यासाठी गावोगावी काम उभे करणारी ब्रिटनमधील धर्मादाय संस्था म्हणजे ‘हेडवे’. तिची स्थापना १९७९ साली झाली. तिचे मुख्य कार्यालय नॉटिंगहॅम येथे असून तिच्याशी संलग्न असलेले शंभराहून अधिक स्थानिक गट आणि शाखा ब्रिटनभर काम करतात.

इजेचे स्वरूप

मेंदू मऊ आणि कवटी कठीण. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले की मेंदू आतल्या आत कवटीवर आदळतो. कवटीच्या तळाशी पुढच्या बाजूला हाडांचे खडबडीत उंचवटे आहेत. त्यामुळे कपाळामागचा भाग आणि कानशिलांमागचा भाग यांना सर्वाधिक मार बसतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की दूरवर पसरलेले मज्जातंतू ताणले जातात, काही तुटतात. असे विखुरलेले नुकसान सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. चित्र जवळजवळ स्वच्छ येते, पण माणूस मात्र बदललेला असतो.

कपाळामागचा भाग कामाची आखणी करतो, सुरुवात करायला लावतो आणि आवर घालतो. कानशिलांमागच्या भागाचा संबंध स्मरणाशी आणि भाषेशी आहे. म्हणून मेंदूला इजा झालेल्या माणसाला अनेकदा जुन्या गोष्टी नीट आठवतात, पण सकाळी काय ठरले ते दुपारी आठवत नाही. चहा करायला उठलेला माणूस आधण ठेवून दुसरीकडेच निघून जातो. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की त्याला काहीच कळेनासे होते. क्षुल्लक कारणावरून राग अनावर होतो आणि थोड्या वेळाने तो रागावला होता हेही त्याला आठवत नाही. कोणाशी काय बोलावे याचे भान सुटते. काहींचा पुढाकारच संपतो. कोणी ऊठ म्हणेपर्यंत अशी माणसे जागची हलत नाहीत. वास येत नाही, गोंगाट सोसवत नाही, आणि झोप पुरी होऊनही थकवा जात नाही. हा थकवा अंगमेहनतीचा नसतो. साधे संभाषण समजून घेण्यासाठीही मेंदूला जास्तीची शक्ती खर्चावी लागते, त्यातून तो येतो.

या सगळ्याच्या जोडीला अनेकदा आणखी एक लक्षण असते आणि ते घरच्यांना सर्वांत जड जाते. आपल्यात काही बदल झाला आहे हे त्या माणसाला पटतच नाही. स्वतःकडे पाहून स्वतःला जोखण्याची क्षमता मेंदूच्या ज्या भागात असते, त्याच भागाला इजा झालेली असते. मला काही झालेले नाही, उद्यापासून कामावर जातो, असे तो मनापासून म्हणतो. त्याला हटवादी म्हणणे चुकीचे आहे. हेही इजेचेच लक्षण आहे.

मेंदूच्या इजेने स्वभाव बदलू शकतो, याची वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली नोंद १८४८ सालची आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे लिहिले की, शांत आणि जबाबदार असलेला हा माणूस लहरी व शिवराळ झाला आणि ओळखीच्यांना तो पूर्वीचा वाटेना. या हकिकतीचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. गेज नंतर चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि ठरलेले काम मिळाल्यावर तो पुष्कळ सावरला असावा, असे त्याच्या आयुष्याचा सखोल अभ्यास करणारे माल्कम मॅकमिलन यांचे मत आहे. आजच्या पुनर्वसनाचा पायाही दिनक्रमाची चौकट हाच आहे.

वाचणाऱ्यांची संख्या वाढली

पूर्वी डोक्याला जबर मार लागलेली बहुतेक माणसे दगावत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे चित्र बदलले. ब्रिटिश न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुचाकीवरील सैनिकांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि हेल्मेटमुळे डोक्याची इजा सौम्य होते हे १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. ब्रिटनमध्ये सर्व दुचाकीस्वारांना हेल्मेटची सक्ती १९७३ मध्ये झाली. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडनमधील विंबल्डन येथे ऑक्टोबर १९७१ मध्ये झाली. तेव्हापासून मेंदूत साकळलेले रक्त शस्त्रक्रियेआधीच दिसू लागले. १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘ग्लासगो कोमा स्केल’ मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ या आकड्यांत शुद्धीची पातळी सांगणारी ही पद्धत आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत वापरली जाते.

हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९७९ साली. त्याच वर्षी ‘हेडवे’ची स्थापना झाली. हा योगायोग असला तरी त्याला अर्थ आहे. उपचारशास्त्राने माणसे वाचवली आणि वाचलेल्या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न त्या यशातूनच उभा राहिला. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मोफत मिळत होती. रुग्णालयातील शस्त्रक्रिया, औषधे, खाट यांचा खर्च कुटुंबावर पडत नव्हता. तरीही टाके निघाले, माणूस चालू लागला की रुग्णालयाचे काम संपे आणि घरी आल्यावर विचारायला कोणीच नसे.

कुटुंबावरचा भार

हा भार मोजण्याचे काम ग्लासगो येथे मानसशास्त्रज्ञ नील ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांनी इजेनंतर वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी गाठले. १९८६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दोन होते. एक, काळ लोटला तसा नातेवाइकांवरचा ताण कमी न होता वाढला. दोन, हातापायांच्या अधूपणापेक्षा स्वभावातील आणि वागण्यातील बदल नातेवाइकांना अधिक सोसावे लागले.

यामागची कारणे घराच्या रोजच्या व्यवहारात दडलेली आहेत. पहिल्या वर्षी आशा असते, येणारे-जाणारे असतात, मदतीचे हात असतात. पुढे भेटी कमी होतात. बाहेरच्याला माणूस धडधाकट दिसतो, म्हणून घरचेच लोक तक्रारखोर ठरतात. पत्नीला नवऱ्याच्या औषधांची, पैशांची आणि रागाची काळजी वाहावी लागते आणि ज्याच्याशी बोलून मन हलके करायचे तोच माणूस आता बोलण्याजोगा उरलेला नसतो. आईवडिलांना तिशीतल्या मुलाचे पालकत्व पुन्हा सुरू करावे लागते आणि आपल्यामागे याचे कोण करणार हा घोर लागतो. मुलांना वडील समोर असूनही वडील मिळत नाहीत. मृत्यूनंतर समाज शोकाला जागा देतो, दिवस घालतो, भेटायला येतो. माणूस जिवंत असताना त्याच्या हरवण्याचा शोक कोणालाच उघडपणे करता येत नाही. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी अशा शोकाचा विशेष अभ्यास केला आहे. त्यात अडकलेल्या कुटुंबाला सर्वांत आधी हवा असतो तो हे समजणारा दुसरा माणूस.

संस्थेची स्थापना आणि रचना

‘हेडवे’ सुरू केली ती अशा नातेवाइकांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या काही व्यक्तींनी. आरंभी तिचे काम प्रामुख्याने डोक्याला मार लागलेल्यांपुरते होते. पुढे रक्तस्राव, मेंदूज्वर, प्राणवायूचा अभाव अशा सर्व कारणांनी झालेल्या मेंदूइजा तिच्या कक्षेत आल्या. अमेरिकेतही १९८० साली एका अपघातग्रस्त मुलीच्या आईवडिलांच्या पुढाकाराने अशीच राष्ट्रीय संस्था उभी राहिली. दोन्ही देशांत सुरुवातीला पुढे आले ते घरचे लोक, कारण रुग्णालयाच्या दारापुढचा रस्ता फक्त त्यांनीच पाहिला होता.

संस्थेची रचना दोन पातळ्यांवर आहे. मध्यवर्ती संस्था माहितीपुस्तिका तयार करते, मोफत दूरध्वनी-सेवा चालवते, प्रशिक्षण देते आणि सरकारदरबारी बाजू मांडते. गावपातळीवरचे बहुतेक गट कायद्याने स्वतंत्र धर्मादाय संस्था असतात; त्यांचे विश्वस्त, हिशेब आणि निधी वेगळे असतात. मोठ्या गटांकडे पगारी कर्मचारी आणि रोज चालणारे केंद्र असते. लहान शाखा स्वयंसेवकच चालवतात आणि ठरलेल्या दिवशी भेटतात. या रचनेमुळे दर्जा आणि माहिती एकसारखी राहते आणि कामाला मात्र त्या त्या गावाचा चेहरा मिळतो.

स्थानिक केंद्रात काय चालते

केंद्रात येणाऱ्यांना रुग्ण म्हणण्याची पद्धत नाही. ते सभासद असतात. दिवसाची सुरुवात फळ्यावर लिहिलेल्या कार्यक्रमाने होते, कारण पुढे काय आहे ते दिसत राहिले की गोंधळ आणि चिडचिड कमी होते. स्वयंपाकघर हा केंद्राचा महत्त्वाचा भाग असतो. भाजी निवडणे, चिरणे, कृती वाचून त्याप्रमाणे करणे, गॅस बंद करायला न विसरणे यांत आखणी, क्रम, लक्ष आणि स्मरण या चारही क्षमतांचा सराव होतो आणि शेवटी सर्वांना जेवण मिळते. बागकाम, सुतारकाम, संगणक, खरेदीला जाऊन पैसे मोजणे, बसने एकट्याने प्रवास करणे, अशी कामे सभासदाच्या गरजेप्रमाणे ठरवली जातात.

विस्मरणावर औषध नाही. त्यावर बाहेरून आधार द्यावा लागतो. वही, दिनदर्शिका, मोबाइलचा गजर, कपाटांवरच्या चिठ्ठ्या यांचा वापर सवयीचा करून घेणे हे पुनर्वसनाचे मोठे काम आहे. या विषयात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांचे संशोधन मूलभूत मानले जाते. कमरेच्या पेजरवर ठरलेल्या वेळी सूचना पाठवणाऱ्या यंत्रणेची त्यांनी १४३ जणांवर चाचणी घेतली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामे पार पाडण्यात लक्षणीय सुधारणा झाली. ही यंत्रणा मुळात तयार केली होती ती मेंदूइजा झालेल्या एका तरुणाच्या अभियंता वडिलांनी, एका मानसशास्त्रज्ञाच्या साहाय्याने.

पूर्व लंडनमधील ‘हेडवे ईस्ट लंडन’ या गटाने कलेला मध्यवर्ती स्थान दिले. ‘सबमिट टु लव्ह स्टुडिओज’ या त्याच्या चित्रशाळेत सभासद रोज काम करतात. त्यांतील अनेकांनी इजेपूर्वी कधी कुंचला हातात धरला नव्हता. त्यांची चित्रे विकली जातात, त्यांची प्रदर्शने भरतात. २०२३ मध्ये लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये त्यांच्या कामाचे प्रदर्शन झाले. येथे कलेला केवळ उपचार मानत नाहीत. ज्याची नोकरी गेली, त्याला काम करणारा माणूस म्हणून पुन्हा ओळख मिळते, हे तिचे मुख्य फळ आहे.

सभासद केंद्रात असतो ते तास घरच्यांनाही मिळतात. झोप, बाजारहाट, स्वतःची नोकरी किंवा निव्वळ शांतता यांसाठी ते वापरता येतात. त्याशिवाय बहुतेक गट नातेवाइकांच्या स्वतंत्र बैठका घेतात. रागाचा झटका आला असता वाद न घालता जागा कशी बदलावी, एका वेळी एकच गोष्ट कशी सांगावी, पैशांच्या व्यवहारावर लक्ष कसे ठेवावे, हे तेथे एक आई दुसऱ्या आईला सांगते. डॉक्टरांच्या सल्ल्याइतकेच मोल या अनुभवाच्या बोलांना असते.

कागदपत्रांची मदत हा कामाचा आणखी एक मोठा भाग आहे. अपंगत्वाच्या भत्त्याचे अर्ज चालता येते का, हात वर जातो का, असे प्रश्न विचारतात. हातपाय चालत असले तरी स्मरण आणि आवर गेलेला माणूस त्यामुळे अपात्र ठरू शकतो. अर्ज कसा भरावा हे केंद्रातील अनुभवी माणूस समजावून सांगतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या देखभाल कायद्याने काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क दिला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ चा मानसिक क्षमता कायदा आहे. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढाच्या वतीने कोणी आणि कसा निर्णय घ्यावा याची रीत तो ठरवून देतो. हे हक्क कागदावर असतात. ते घरापर्यंत पोहोचवणारा माणूस स्थानिक संस्था पुरवते.

संकटाच्या वेळची मदत

मध्यवर्ती संस्थेचा एक आपत्कालीन निधी आहे. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दूरच्या रुग्णालयात रोज जाण्याचा आणि राहण्याचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. अशांना या निधीतून लहान रकमा दिल्या जातात. रक्कम लहान असली तरी बेशुद्ध मुलाजवळ आईला बसता यावे एवढी ती पुरते.

२०१७ मध्ये संस्थेने ओळखपत्राची योजना सुरू केली. मेंदूइजेमुळे तोल जाणारा, अडखळत बोलणारा माणूस रस्त्यावर दारू प्यालेला समजला जातो. त्याला पोलीस अडवतात, दुकानातून बाहेर काढले जाते आणि भांबावल्यामुळे तो अधिकच बिथरतो. हे ओळखपत्र छायाचित्रासह असून त्यावर त्या व्यक्तीच्या विशिष्ट अडचणी थोडक्यात छापलेल्या असतात. इजेची खातरजमा केल्यावरच ते मिळते आणि पोलीस यंत्रणेने त्याला पाठिंबा दिला आहे.

निधी आणि मर्यादा

संस्थेच्या माहितीनुसार ब्रिटनमध्ये अर्जित मेंदूइजेसाठी वर्षाला सुमारे ३ लाख ५० हजार व्यक्ती रुग्णालयात दाखल होतात. म्हणजे दर ९० सेकंदांना एक. या संख्येपुढे केंद्रे अपुरी आहेत. स्थानिक गटांचा पैसा स्थानिक प्रशासनाकडून मिळणारे दिवसाचे शुल्क, देणग्या, मृत्युपत्राने दिलेली रक्कम आणि वापरलेल्या वस्तूंची दुकाने यांतून येतो. प्रशासनाची तरतूद आटली की केंद्राचे दिवस कमी होतात, काही केंद्रे बंदही पडतात. खेड्यातल्या माणसाला केंद्र दूर पडते. संसदेतील सर्वपक्षीय गटाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात पुनर्वसनातील उणिवांवर बोट ठेवले आणि त्यानंतर मेंदूइजेसाठी राष्ट्रीय धोरण आखण्याचे सरकारने २०२१ च्या अखेरीस जाहीर केले. धर्मादाय संस्था सरकारी व्यवस्थेला पूरक ठरते. तिची जागा ती घेऊ शकत नाही.

भारतातील स्थिती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. मृतांमध्ये दुचाकीवरील लोकांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. अपघातग्रस्तांसाठी २०२५ मध्ये लागू झालेली केंद्राची विनारोख उपचार योजना अपघातानंतरचे ७ दिवस आणि १ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोलाची आहे. आठव्या दिवसापासून पुढचा भार मात्र कुटुंबाचा.

या पुढच्या काळाचा विचार करणारी संस्था भारतातही घरच्या अनुभवातूनच जन्मली. जोधपूरच्या राजघराण्यातील शिवराज सिंह यांना २००५ मध्ये पोलो खेळताना मेंदूला गंभीर इजा झाली. त्यांचे वडील गजसिंह यांनी २००७ मध्ये ‘इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन’ स्थापन केले. राजघराण्याला जी उणीव जाणवली ती सामान्य घराला किती जाचत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायद्यातही पोकळी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. त्यांत मेंदूइजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. हातपाय लुळे पडले किंवा वाचा गेली तर प्रमाणपत्राची वाट सापडते. स्मरण, विवेक आणि आवर गेला तर ती सापडणे कठीण होते. पालक नेमण्यासाठीचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. म्हणून कोमात असलेल्या पतीच्या बँक खात्यातून उपचारांसाठी पैसे काढायलाही पत्नीला उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नेमणुकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा याचिकांवर पालक नेमले आहेत. स्पष्ट कायदा होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला ही वाट नव्याने चालावी लागेल.

महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी न्यूरोसर्जन आहेत, सीटी स्कॅन आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. घरी परतलेल्या माणसासाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यांसाठी जिल्ह्यात एक तरी ठिकाण असायला हवे. त्याची सुरुवात मोठ्या इमारतीने करावी लागत नाही. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एक खोली, व्यवसायोपचार किंवा मानसशास्त्र शिकलेली एक व्यक्ती, मराठीत छापलेली एक साधी माहितीपुस्तिका आणि यातून गेलेल्या चार कुटुंबांची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या कागदासोबत या ठिकाणाचा पत्ता द्यावा. सार्वजनिक न्यास, रोटरीसारखी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालयांचे समाजकार्य विभाग यांनी हे काम अंगावर घ्यावे. जीव वाचवण्याची जबाबदारी समाजाने रुग्णालयांवर सोपवली आहे. वाचलेल्या माणसाला जगता येईल असे करण्याची जबाबदारी समाजाने स्वतः उचलली पाहिजे.